हजेरी

आमच्या लिहिण्यात माय खूप आली. शेण थापणारी, मोळी विकणारी, मार खाणारी माय. बाप आला तो बहुतेक पिऊनच आला. त्यानं चूल लाथाडली, मायचे केस धरले, आणि आम्ही ते लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण माझा बाप पीत नव्हता. त्यानं मायवर कधी हात टाकला नाही. शनिवारी हिशेब झाला की पैसे रुमालात बांधून तसेच मायच्या हातात द्यायचा, आणि विडीकाडीपुरते तिच्याकडून परत मागून घ्यायचा. असल्या बापावर काय लिहायचं, असं मला वाटत राहिलं. त्याला जाऊन पंचवीसवर वर्षं झाली. आता लिहितो, कारण त्यानं जन्मभर जे काम केलं त्याचा एकही कागद कुठं सापडत नाही.

आम्ही मराठवाड्याचे. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि माझ्या आज्यानं गावकीची कामं सोडली. शेत नव्हतंच. १९७२ च्या दुष्काळात बाप सरकारी कामावर खडी फोडायला गेला. सुकडी खाल्ली, रेशनचा लाल मिलो खाल्ला. दगड फोडायचं तो तिथंच शिकला. दुसऱ्या वर्षी एका पाव्हण्याच्या मागं तुर्भ्याला आला. मी तेव्हा मायच्या कडेवर.

तेव्हा नवी मुंबई कागदावर होती. १९७० ला सिडको झाली, १९७३ ला वाशीचा खाडीपूल सुरू झाला. ९५ गावांची जमीन या शहराला लागली. ती आगरी-कोळ्यांची. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या लढ्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्यांची नावं दर वर्षी घेतली जातात. घेतलीच पाहिजेत. पण शहराला जमिनीबरोबर दगडही लागला. तो ज्यांनी डोंगरातून काढला त्यांची यादी कुणी केली नाही. ते आमच्यासारखे दुष्काळानं हाकललेले लोक. कुणी जालन्याचे, कुणी सोलापूरचे, कुणी कर्नाटकातले वडार.

बाप सुरुंगाची भोकं पाडायचा. मशीन छातीला लावून दिवसभर दगडात घालायचं. पाणी सोडून भोक पाडलं तर धूळ बसते, हे मला फार पुढं कळलं. तिथं पाणी प्यायलाच नव्हतं. नंतर तो क्रशरवर गेला. तिथं तर माणूस माणसाला दिसत नसे. भरणारांना ब्रासवर पैसे, याला रोजावर. हजेरी मुकादमाच्या वहीत. अंगठा नाही, सही नाही, वहीत नुसती रेघ.

संध्याकाळी झोपडीबाहेर तो सदरा काढून झटकायचा. मग हापशावर आंघोळ करायचा. मग आत यायचा. आम्ही पोरं धावत गेलो तर ओरडायचा, "थांबा रं, लागंल अंगाला!" अंघोळ केल्याशिवाय त्यानं आम्हाला कधी जवळ घेतलं नाही. धूळ काय करते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या मनानंच ओळखलं असावं.

१९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. चुलता बायकापोरं घेऊन तुर्भ्याला आला. दहा बाय दहाच्या झोपडीत नऊ माणसं, चार महिने. बाप रात्री बाहेर गोणपाटावर झोपला. पाऊस आला की उठून बसायचा. मायला म्हणायचा, "त्याह्यला काई म्हणू नगंस. घर जळालंय त्यांचं." माय काही म्हणणारी नव्हतीच. पण तो तिला विचारल्याशिवाय, सांगितल्याशिवाय काही करत नसे.

त्याला अक्षर येत नव्हतं. विहारात कुणी बाबासाहेबांचं चरित्र वाचून दाखवायचं, ते तो ऐकायचा. एकदा सुभेदार रामजींचं वाचलं. परळच्या चाळीत खोली एवढीशी. सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमाला अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीकडं जाऊन उसने आणायचे. हे बापाच्या डोक्यात बसलं. माझं दहावीचं वर्ष. आमच्याही घरात सगळे झोपले की वही पसरायला जागा उरत नसे. परीक्षेआधीचे दोन महिने बाप दारात बसून राहायचा. दोन वाजता मला हलवायचा. "ऊठ लेकरा. सर, आता मला पडू दे." मी उठायचो, तो माझ्या गरम जागेवर पडायचा. सातला खाणीवर. माय चिडली की म्हणायचा, "सुभेदारानं म्हातारपणी केलं. आपल्याला काय धाड भरली?"

आम्ही बाबासाहेबांवर खूप लिहिलं, रमाईवरही लिहिलं. रामजीबाबावर फारसं लिहिलं नाही. माझ्या बापानं अडाणी असून त्यांना ओळखलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. मी वाशीला कॉलेजात जाऊ लागलो. एक मित्र वह्या न्यायला घरी आला. पांढऱ्या कपड्यातला, सोसायटीत राहणारा. तेवढ्यात बाप आला. डोक्यापासून पायापर्यंत दगडाची भुकटी, भुवया पांढऱ्या. मित्रानं विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. शेजारी राहतात." बापानं ऐकलं. "बसा, बसा" म्हणाला आणि हापशाकडं गेला. मित्र जाईपर्यंत आला नाही. रात्री माझ्या ताटात भाकरी वाढली, रोजच्यासारखी. पुढं कधी त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. तो गेल्यावर मायनं सांगितलं. त्या रात्री तो तिला म्हणाला होता, "पोराची अडचण झाली. म्या मागं जाऊन बसलो."

माफी मागायची राहिली.

१९९२ ला वाशीपर्यंत रेल्वे आली. आम्ही पहिल्यांदा गाडीनं चैत्यभूमीला गेलो. खिडकीतून रुळाखालची खडी बघून तो मायला म्हणाला, "ही आपलीच असंल." माय म्हणाली, "तुमचं नाव लिवलंय का तिच्यावर?" दोघं हसले. दुसऱ्या वर्षी त्याला खोकला लागला.

क्षय म्हणाले. गोळ्या झाल्या. उतार नाही. पुन्हा गोळ्या. "विडी ओढता?" एवढंच विचारायचे. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. चौथ्या वर्षी एका डॉक्टरनं एक्स-रे बघून विचारलं, "दगडाच्या खाणीत होता का?" त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, फुप्फुस निबर होतं. त्यावर इलाज नाही. खोकला क्षयासारखाच, फोटोतही फसगत होते, आणि त्यात खरा क्षयही लवकर जडतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात हा कामातून होणारा आजार धरलेला होता. पण भरपाईला पुरावा लागतो. मी खाणीवर गेलो. ठेकेदार बदललेला. "मस्टर? कसलं मस्टर?" मुकादम गावी गेलेला, वही कुणी पाहिलेली नाही. १९९८ ला बाप गेला. दाखल्यावर लिहिलं, क्षय.

पुढं झोपडीसाठी १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा मागू लागले. मायनं बापाची पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, मतदानाच्या चिठ्ठ्या, दंडाच्या पावत्या, आमचे जन्माचे दाखले, माझ्या चौथीपासूनच्या गुणपत्रिका. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता. वाचता येत नव्हतं म्हणून एकही कागद त्यानं फेकला नव्हता. त्या कागदांवर आमचं घर टिकलं. त्यात आम्ही सगळे होतो. तो खाणीत होता, असं सांगणारी एक चिठ्ठी नव्हती.

राजस्थान सरकारनं २०१९ ला या आजारासाठी धोरण केलं, मदत ठरवली. तिथं खाणमजूर त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. आपल्याकडं ज्यांचे बाप, आया, चुलते खाणीत होते, क्रशरवर होते, त्यांनी एवढं करा. माणूस जिवंत असेल तर डॉक्टरला आपण होऊन काम सांगा. कुठली खाण, कोणतं साल, बरोबर कोण होतं, ते विचारून लिहून ठेवा. साक्षीदार म्हातारे होत चाललेत.

माझ्याकडं साक्षीदार उरला नाही. म्हणून बापाची हजेरी मीच इथं मांडतो.

१९७३ ते १९९४. तुर्भे. काम सुरुंगाची भोकं, पुढं क्रशर. मला आठवतात ते खाडे तीन. एक, चुलत्याचं बिऱ्हाड आलं तेव्हा. दुसरा, माझा दहावीचा निकाल. तिसरा १४ जानेवारी १९९४, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस. त्या दिवशी त्यानं मायकडून पैसे मागून घेतले, पेढे आणले आणि खोकत खोकत वस्तीभर वाटले.

बाकी सगळे दिवस हजर.