मंडईंतील मैदान

दिवाळी सरली, भाऊबीज झाली, कीं झाडीपट्टींतील गांवोगांवीं मंडया भरूं लागतात. मंडई म्हणजे भाजीचा बाजार नव्हे, हें पुण्या-मुंबईकडील वाचकांस आरंभींच सांगून ठेवणें बरें. भंडारा-गोंदियाकडे हा शब्द गांवच्या जत्रेस लावतात. मंडईस सासरच्या लेकी माहेरीं येतात, सोयरिकीचीं बोलणीं निघतात, रात्रीं दंडार किंवा खडी गंमत रंगते. आणि पुष्कळ गांवीं कबड्डीचे सामनेही होतात. ते सामने पाहण्याच्या उद्देशानें आम्ही गतवर्षीं कार्तिकांत साकोली तालुक्यांतील एका गांवीं गेलों होतों. समागमें आमच्या आत्याबाई होत्या. त्यांचें वय 78. बालपण साकोलीस गेलेलें. "डोळे आहेत तों एकदां पाहून येतें," एवढेंच त्या म्हणाल्या होत्या.

नागपुराहून भंडारा सुमारें 60 किलोमीटर. शहर मागें टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला, कीं भूमीचें रूप पालटूं लागतें. कापणीस आलेलीं धानाचीं बांधींबांधींचीं शेतें, आणि त्यांच्या वरच्या अंगास तळीं. 1999 सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तरी तलावांचा जिल्हा ही भंडाऱ्याची ख्याति कायम आहे. यांतील कित्येक तळीं कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं शतकांपूर्वीं बांधलीं. लाखनीच्या पुढें रस्त्याच्या कडेस ढीग घालून शिंगाडे विकणाऱ्या बायका दिसल्या, तेव्हां आत्याबाईंनीं गाडी थांबविण्यास सांगितलें. शिंगाडे सोलतां सोलतां त्या एकदम अबोल झाल्या. त्याचें कारण आम्हांस सायंकाळीं कळलें.

मैदान म्हणजे शाळेपुढील मोकळें पटांगण. त्यावर चुन्याच्या रेषा ओढलेल्या. मुलांसाठीं 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, मुलींसाठीं 12 व 8. बाहेरगांवाहून आलेल्या मुलींचे संघ घरोघर वांटून दिलेले होते. कोणाच्या पडवींत चार, कोणाच्या माजघरांत तीन, आणि सर्वांस त्या त्या घरचेंच जेवण. ज्या मंडळानें ही सगळी व्यवस्था केली, त्याचें नांव आम्ही देत नाहीं. असें मंडळ या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं आहे.

मुलींचा सामना सुरू झाला. चढाईस गेलेली मुलगी एका श्वासांत कबड्डीचा घोष करीत पुढें सरके, आणि समोरच्या सात जणी हातांत हात गुंफून अर्धवर्तुळ आवळीत. खेळ तोच, ज्यास आमच्या लहानपणीं हुतूतू म्हणत. त्याचे नियम 1923 सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें छापून प्रसिद्ध केले. आमच्या वऱ्हाडांतील अमरावतीस 1914 सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढला. तोच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला, आणि 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक महोत्सवाच्या वेळीं त्याच्या खेळाडूंनीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 सालीं कलकत्त्यास झाली. 2012 सालीं पाटण्यास भारतीय स्त्रियांनीं विश्वचषक जिंकला. त्या संघांत महाराष्ट्राच्या तिघी होत्या.

हा इतिहास पुस्तकांत सांपडतो. या गांवच्या मंडळाचा इतिहास कोठें सांपडेल, असें आम्हीं चिटणीसांस विचारलें. त्यांनीं मोठ्या अगत्यानें एक जुनी वही काढून दाखविली. तींत वर्गणी, मंडप, दिवे, बक्षिसें यांचा पैन् पै हिशेब होता. देणगीदारांचीं नांवें तर भिंतीवरील फलकावरही रंगविलेलीं होतीं. परंतु कोणत्या वर्षीं कोण खेळलें, हें कोठेंच नव्हतें. "अमुक गांव विजयी" एवढीच एक ओळ. गेल्या वर्षींच्या मुलींच्या संघांत दोघी फार चांगल्या होत्या, असें ते स्वतःच म्हणाले. एक शिकण्यासाठीं भंडाऱ्यास गेली. दुसरीचा खेळ घरच्यांनीं बंद केला. "तिचें नांव काय?" असें आम्हीं विचारतांच चिटणीस थबकले, आणि शेजारच्या पोरास विचारते झाले. नांव मिळालें, पण एका वर्षांत तें विचारावें लागलें.

तेव्हां आम्हांस आयर्लंडची आठवण झाली. त्या लहानशा देशांत हर्लिंग नांवाचा चपट्या टोंकाच्या काठीनें चेंडू मारण्याचा पुरातन खेळ आहे. 1884 सालीं थर्ल्स गांवीं मूठभर माणसांनीं देशी खेळांचें मंडळ स्थापिलें. 1904 सालीं तेथील स्त्रियांनीं त्याच खेळाचें आपलें रूप, कमोगी, मैदानावर आणलें. तेथें प्रत्येक धर्मग्रामाचें आपलें मंडळ असतें, आणि मोठमोठे खेळाडूही विनावेतन खेळतात. 1971 पासून मुलांचा एक वार्षिक महोत्सव भरतो. त्यांत पाहुण्या संघांतील मुलें पूर्वीं यजमान गांवच्या घराघरांतून उतरत असत. आमच्या झाडीपट्टींतील पडवी व माजघर त्यांच्याहून कशांत उणें आहे? उणी आहे ती एक गोष्ट. तेथें कित्येक गांवांनीं आपल्या मंडळाचा इतिहास पुस्तकरूपानें छापला आहे, आणि त्यांत चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या संघांचींही नांवें असतात.

सामना संपला. यजमान गांवच्या मुली दोन गुणांनीं हरल्या. त्यांची नायिका गुडघ्याची माती झाडीत आत्याबाईंजवळ येऊन बसली व सहज म्हणाली, "आजी, तुमी कधी खेळल्या का जी?"

"खेळलें ग," आत्याबाई म्हणाल्या. "दहाव्या वर्षापर्यंत. शिंगाड्याच्या तळ्याकांठीं आमचा डाव पडायचा. एक दिवस वडिलांनीं ओसरीवरून नुसतें पाहिलें. बोलले कांहीं नाहींत. दुसऱ्या दिवसापासून मी घरांत."

एकाच घरांत इतकीं वर्षें आम्ही त्यांच्या हातचें जेवलों, त्यांच्या मांडीवर निजलों. ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. मनांत हिशेब केला, तर तें साल 1957 येतें. कलकत्त्यास मुलींची स्पर्धा होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. आजोबा वाईट होते असें नव्हे. ते चारचौघांसारखे होते, आणि चारचौघांच्या घरांत मुलीचा खेळ असाच न बोलतां बंद होत असे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तसें घडलें असेल. आजही कोठें कोठें घडत असेल. तें थांबविण्यास कायदा लागत नाहीं. ओसरीवरच्या माणसानें मैदानाच्या कडेस येऊन बसावें, एवढेंच लागतें.

आत्याबाईंनीं चिटणीसांकडून ती वही मागून घेतली, हिशेबामागचें कोरें पान काढलें आणि नायिकेच्या हातीं लेखणी दिली. "सातही जणींचीं नांवें लिही. गेल्या वर्षींच्या त्या दोघींचींही. आडनांवासकट लिही. उद्यां आडनांव बदलेल. हें राहूं दे."

परततांना अंधार झाला होता. गाडींत आम्हीं त्यांस विचारलें, "तुमच्या डावांत कोण कोण असे?" साकोलीपासून वैनगंगेच्या पुलापर्यंत त्या एकेक नांव आठवून सांगत होत्या, आणि आम्ही तीं टिपून घेत होतों.