इंग्रजीचा हिशेब घरच्या वहीत

आपल्या मुलामुलींनी परदेशी जाऊन शिकावे, ही गोष्ट आता फक्त जयंतीच्या व्यासपीठावरून बोलायची राहिलेली नाही. मालवण, कणकवली, कुडाळ या भागातल्या बौद्धवाड्यांतूनही मुले एम.एस्सी., एम.ए. होत आहेत आणि शिष्यवृत्तीच्या जाहिराती वाचत आहेत. परंतु वाटेत एक धोंडा आहे. तो आधी दिसत नाही, ठेच लागली की कळते. तो धोंडा इंग्रजीचा. आणि खरे सांगायचे तर इंग्रजीपेक्षाही इंग्रजीच्या खर्चाचा. आमच्या घरात हा प्रसंग आला आणि आम्ही त्याचा हिशेब पै-पैसा मांडला. तो इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहे.

माझी भाची समुद्रजीवशास्त्र शिकली. वडील चिरेखाणीवर कामाला, आई पर्यटकांच्या निवासात स्वयंपाक करते. पोरीला खाड्या, कांदळवने आणि मासळी यांचा पुढचा अभ्यास करायचा होता. गेल्या वर्षी तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. घरात पेढे वाटले गेले. पण पत्राला एक अट होती. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा गुण हवेत. तिला मिळाले होते सहा. अर्ध्या गुणाने गाडी अडली.

मुंबईतल्या एका सल्लागाराने उपाय सांगितला. विद्यापीठाचाच बारा आठवड्यांचा इंग्रजीचा खास वर्ग असतो. मूळ अभ्यासक्रमाच्या आधी तिकडे जाऊन तो पुरा करायचा, मग अट पूर्ण होते. "एकदा तिकडे पोचली की शिष्यवृत्तीचे बघता येईल," असे तो म्हणाला. असे वर्ग खरेच असतात आणि चांगलेही असतात. दिवसभर इंग्रजी ऐकायचे, बोलायचे, निबंध लिहायचे, ग्रंथालय कसे वापरायचे ते शिकायचे. प्रश्न एवढाच होता की पैसे कोण देणार?

एसटीच्या मालवण आगारात माझी २७ वर्षे रोकड मोजण्यात गेली. त्यामुळे हिशेबाचे काम माझ्याकडे आले. आम्ही वही घेऊन बसलो.

इंग्लंडच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला फीव्यतिरिक्त राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. हे पैसे सलग २८ दिवस खात्यावर असावे लागतात. आज कोणाकडून घेतले आणि उद्या परत केले, असे चालत नाही. लंडनबाहेर तीन महिने धरले तर ३,५१३ पौंड झाले. वर्गाची फी विद्यापीठागणिक वेगळी असते. हिशेबासाठी आम्ही ती ४,००० पौंड धरली. बेरीज ७,५१३ पौंड. पौंडाला १२० रुपये धरले, तर नऊ लाखांच्या वर. विमानभाडे, व्हिसा आणि तिकडच्या आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा.

आकडा ऐकून बहीण म्हणाली, "दादा, नुसतां इंग्लिश शिकूक नऊ लाख? तेवढ्यात घर बांधून होयत!"

अमेरिकेचा मार्गही पाहिला. तिथे भाषेच्या वर्गासाठीसुद्धा विद्यार्थी व्हिसाच लागतो. व्हिसाची फी १८५ डॉलर आणि विद्यार्थी-नोंदणीची ३५० डॉलर, असा किमान ५३५ डॉलरचा खर्च तर दारातच आहे. भाषेच्या वर्गात आठवड्याला किमान १८ तास हजेरी लागते. भाषा शिकणाऱ्याला बाहेर नोकरी करता येत नाही. इंग्लंडमध्येही फक्त भाषा शिकण्यासाठी वेगळा अल्पमुदतीचा व्हिसा आहे, त्यावर काम करण्यास पूर्ण बंदी आहे. म्हणून "तिकडे हॉटेलात काम करून फी भागेल" असे कोणी सांगितले, तर त्याच्यावर एक पैसाही लावू नये.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सल्लागार म्हणाला होता, शिष्यवृत्तीचे मागाहून बघू. नियम वाचले तेव्हा दिसले की गाडी उलटी आहे. आपल्या मुलांसाठी दोन मोठ्या योजना आहेत. पहिली केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. तिच्या १२५ जागा आहेत, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. एकूण जागांत ३० टक्के मुलींसाठी राखीव. दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ७५ जागांची, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी. दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांसाठी आहेत, भाषेच्या वर्गासाठी नाहीत. शिवाय दोन्हीकडे विनाअट प्रवेशपत्र मागतात. म्हणजे ज्याच्या पत्रात इंग्रजीची अट शिल्लक आहे, त्याचा अर्ज उंबरठ्यावरच अडतो. पुढचा सगळा खर्च सरकार देईल, पण त्या दारापर्यंत पोचायचे पैसे घरातून घालायचे. श्रीमंताला हे अंतर जाणवत नाही. गरिबाचे पोर नेमके तिथेच माघारी फिरते.

शिष्यवृत्ती मिळाल्यावरही हात सैल सोडता येत नाही. केंद्राच्या योजनेत निर्वाहभत्ता वर्षाला इंग्लंडसाठी ९,९०० पौंड आणि अमेरिकेसह इतर देशांसाठी १५,४०० डॉलर आहे. लंडनबाहेरचे नऊ महिने वरच्या सरकारी आकड्याने मोजले, तरी १०,५३९ पौंड होतात. त्यातून इंग्रजीच्या वर्गाचे कर्ज फेडू, हा विचार करूच नये. २०२५ च्या जुलैमध्ये तर केंद्राने निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे दिली, बाकीच्यांची निधीअभावी रखडवली. ओरड झाल्यावर पुढे हालचाल झाली. यादीत नाव लागले म्हणून कोणी लगेच कर्ज काढू नये, हा त्यातला धडा.

मग आम्ही काय केले? भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला संसाराचा उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, चौथा भाग अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. विहारात हे आपण ऐकतो, घरच्या वहीत क्वचित मांडतो. आम्ही मांडले. चिरेखाण आणि पर्यटकांचा हंगाम मिळून आठ महिने घरात महिन्याला २२,००० येतात. पावसाच्या चार महिन्यांत खाण बंद, पर्यटक नाहीत, तेव्हा कसेबसे ९,०००. वर्षाचे झाले २,१२,०००. त्याचा चौथा हिस्सा ५३,०००. आता नऊ लाखांना ५३ हजारांनी भागा. सतरा वर्षे येतात! बारा आठवड्यांच्या वर्गासाठी सतरा वर्षांची शिल्लक. वहीतला तो आकडा पाहून भाची स्वतःच म्हणाली, "मामा, मी एक वर्ष थांबतंय. इंग्रजी हयच पक्क्या करतंय."

प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती तिने विद्यापीठाला केली, ती मान्य झाली. मग ५३ हजारांच्या आत बसेल असा बेत केला. कुडाळच्या वर्गाची तीन महिन्यांची फी ९,०००. एसटीचे जाणे-येणे ५,४००. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे, म्हणून एवढ्यात भागले. पुस्तके १,६००. वर्षाचे इंटरनेट ४,०००. परीक्षेची फी १८,०००. परीक्षेसाठी गोव्याला जाणे-राहणे ४,०००. एकूण ४२,०००. उरलेले ११,००० आजारपणासाठी बाजूला ठेवले. दागिना मोडला नाही, आंब्याची कलमे विकली नाहीत, सावकाराचे तोंड पाहिले नाही.

अभ्यासाला आषाढ पौर्णिमेला सुरुवात झाली. वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन असतेच. भाचीने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या मूळ इंग्रजीत घेतला. रोज एक पान मोठ्याने वाचायचे, ते मराठीत समजावून सांगायचे आणि त्याच पानाचा सारांश इंग्रजीत लिहायचा. वाडीतली चार मुलेही येऊन बसू लागली. ऐकण्यासाठी बीबीसीचे इंग्रजीचे धडे मोबाईलवर फुकट मिळतात. बोलण्यासाठी आईच्या कामाच्या ठिकाणी येणारे परप्रांतीय पर्यटक होतेच. सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती त्यांना इंग्रजीत सांगता सांगता तिची जीभ सुटली. हाही सघन वर्गच होता, फक्त त्याची फी पौंडांत नव्हती.

यात नवीन काही नाही. बाबासाहेबांचे पहिले इंग्रजी असेच घरात झाले. सुभेदार रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मुलाला पहाटे दोनला उठवायचे म्हणून ते स्वतः जागत बसत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर लेकीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवत. या पायावर उभे राहून १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती. १९१७ साली मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर शिकवले, त्यातून बचत केली. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. थांबले, साठवले आणि पुन्हा निघाले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे त्यांच्या चरित्रातच आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी चार गोष्टी आधी कराव्यात. पदवीचे शेवटचे वर्ष सुरू होताच इंग्रजीची तयारी सुरू करावी. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षे चालतात, म्हणून परीक्षा फार लवकरही देऊ नये. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर कॉलेजचे तसे पत्र चालते का, आणि एकाच भागात गुण कमी असल्यास त्या भागाची फेरपरीक्षा चालते का, हे विद्यापीठाला लेखी विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. जातीचा दाखला व पडताळणी प्रमाणपत्र आधी हातात असावे. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पासून लागू आहेत, पण त्यासाठी दाखला योग्य नमुन्यात आहे का, ते पाहून घ्यावे. आणि योजनांच्या अटी दरवर्षी बदलतात, म्हणून ओरोसला समाजकल्याण कार्यालयात जाऊन त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. सल्लागाराच्या तोंडून ऐकू नये.

एखाद्याला परदेशातला भाषावर्ग घ्यावाच लागला, तर तो शक्य तितका लहान घ्यावा. भाषावर्ग आणि मूळ अभ्यासक्रम एकाच व्हिसावर होतात का, ते विचारावे. लंडन टाळून लहान शहर निवडावे. आणि तीन महिन्यांचा पुरा खर्च हाती असल्याशिवाय विमानात बसू नये.

भाचीला या खेपेस सात गुण मिळाले. विनाअट पत्र आले, अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. निकाल काहीही लागो, तिचे इंग्रजी आता तिचे आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. यंदा आषाढ पौर्णिमेला विहारात वाचायला ती चार मुले पुन्हा बसणार आहेत. आपापल्या वाडीतल्या विहारात अशी एक चटई आपणही घालावी. खर्च फार नाही, वहीत मांडून पाहा.

जयभीम!