घोरण्यामधील शांतता

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय आहे. ‘घोरतो आहे, म्हणजे गाढ झोपला आहे’ असा समजही घरोघरी रुजलेला असतो. इतक्या वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मला मात्र घोरण्यापेक्षा त्यामधील अचानक पडणाऱ्या शांततेची अधिक धास्ती वाटू लागली आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि काहींचा श्वासमार्ग बंद होतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो. हाच स्लीप ॲप्निया. सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग, विसराळूपणा आणि आटोक्यात न येणारा रक्तदाब ही त्याची लक्षणे अनेकदा ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सोडून दिली जातात.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची तक्रार केवळ थकव्याची होती. खरी हकिकत त्यांच्या पत्नीने सांगितली. “यांचा श्वास थांबला की मी हलवून जागं करते, डॉक्टर. रात्रभर माझा पहाराच असतो.” तपासणीत तासाला 22 वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. सीपॅप यंत्र आणले गेले. पण मुखवट्याने जीव गुदमरतो म्हणून पंधरवड्यातच ते कपाटावर गेले आणि बाईंचा पहारा पुन्हा सुरू झाला.

निद्राविकारतज्ज्ञांशी बोलून आम्ही त्यांना या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या दंतवैद्यांकडे पाठविले. तेथे दोन्ही जबड्यांचे माप घेऊन दातांवर बसणारे साधन तयार झाले. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. त्याबरोबर जीभही पुढे येते आणि श्वासाची वाट मोकळी राहते. जबडा किती पुढे घ्यायचा, हे काही आठवड्यांत हळूहळू ठरवतात. गरम पाण्यात मऊ करून चावायचे बाजारातील तयार साधन याची बरोबरी करू शकत नाही.

साधन तोंडात ठेवून पुन्हा तपासणी केली, तेव्हा 22 चा आकडा 8 वर आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत. पण पेंग ओसरली आणि बाईंना सलग झोप मिळू लागली.

हा उपाय सर्वांसाठी नाही. तासाला 5 ते 30 वेळा श्वास अडणाऱ्या, म्हणजे सौम्य व मध्यम आजारात तो विशेष उपयोगी पडतो. त्याहून तीव्र आजारात सीपॅपच प्रथम. ते मुळीच सोसत नसेल, तरच तज्ज्ञांच्या सल्ल्याने याचा विचार करावा. सीपॅप श्वासरोध अधिक प्रभावीपणे कमी करते, हे खरे; परंतु कपाटावरचे यंत्र कोणाचाच श्वास मोकळा करीत नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत दातांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. साधनाला आधार देणारे पुरेसे मजबूत दात हवेत. पूर्ण कवळी असेल, हिरड्या खिळखिळ्या असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर ते सहसा जमत नाही. सुरुवातीस लाळ सुटणे, सकाळी जबडा आखडणे हे त्रास होतात व बहुधा कमी होतात. दीर्घकाळाने दातांची ठेवण किंचित बदलू शकते. म्हणून नियमित दंततपासणी टाळू नये. साधन साध्या पाण्याने मऊ ब्रशने धुवावे. उकळत्या पाण्यात टाकू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. रुग्णाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. त्याच्या आजाराचे पहिले साक्षीदार तुम्हीच. श्वास थांबताना दिसला तर मोबाईलवर चित्रफीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी परस्पर देऊ नका. ती, तसेच मद्य, हा विकार वाढवू शकते. आणि तपासणीच्या दिवशी रुग्णाबरोबर स्वतः या. रात्र जागून काढणाऱ्याची प्रकृतीही आम्हाला विचारायची असते.