कूळ

विनिपेगमध्ये ‘किल्डोनन’ हे नाव जागोजागी भेटतं. वेस्ट किल्डोनन, ईस्ट किल्डोनन, किल्डोनन पार्क. माझ्या सासूबाईंचं माहेर मूळच्या किल्डोननचं, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलंड परगण्यात असलेल्या खोऱ्यातलं. तिथून ही माणसं इथे का आली, याचं त्यांच्याकडे एका वाक्याचं उत्तर आहे : ‘हिमतीची होती, नशीब काढायला आली.’ माझ्या लेकीला ते पटलं नाही. ‘सगळं बरं चाललं होतं, तर समुद्र कशाला ओलांडला?’ घरात जुने कागद वाचण्याची हौस मलाच असल्यामुळे तो प्रश्न माझ्याकडे आला.

हडसन्स बे कंपनीचं दप्तर याच शहरात आहे. १८१३ साली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ जहाजाने निघालेल्यांची यादी मी वाचली. नाव, वय, गाव. बहुतेकांपुढे गाव एकच, किल्डोनन. नशीब काढायला एकटादुकटा जातो. इथे भावंडंच्या भावंडं, शेजारच्या शेजार निघालेले दिसत होते.

कारण शोधताना मला एक मराठी शब्द उपयोगी पडला. कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा. हायलंड्समधली माणसं या दोन्ही अर्थांनी कुळं होती. आपण अमुक प्रमुखाच्या कुळातले, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो, म्हणून इथे राहण्याचा आपला हक्क, अशी त्यांची समजूत. गेलिकमध्ये त्याला ‘दूखस’ म्हणतात. कायद्याला मात्र फक्त खरेदीखत कळत होतं, आणि खतावर नाव होतं सदरलंडच्या काउंटेसचं. तिचा नवरा लॉर्ड स्टॅफर्ड अफाट श्रीमंत इंग्रज. मेंढपाळीचा मोठा ठेकेदार या लहान कुळांच्या कितीतरी पट खंड देई. तेव्हा खोरी चेविअट मेंढ्यांना द्यायची आणि माणसांना किनाऱ्यावर मासेमारीला पाठवायचं, असं ठरलं.

१८१३ च्या सुरुवातीला जमीन पाहायला आलेल्या लोकांना किल्डोननकरांनी पिटाळून लावलं. मग सैन्य आलं. याच परगण्यातली तरणी पोरं तेव्हा राजाच्या ९३ व्या पलटणीत होती, हे इथे आठवल्यावाचून राहवत नाही. कुळांनी आपला एक माणूस लंडनला धाडला. तिथे त्याची गाठ लॉर्ड सेल्कर्कशी पडली. सेल्कर्कने १८११ मध्ये हडसन्स बे कंपनीकडून रेड नदीकाठचा सुमारे १ लाख १६ हजार चौरस मैलांचा मुलूख नाममात्र दहा शिलिंगांत घेतला होता. सातशेच्या आसपास लोकांनी जायची तयारी दाखवली, जहाजात जागा मिळाली शंभरेकांना.

वाटेत टायफसची साथ आली. कप्तानाने ठरलेल्या बंदराऐवजी चर्चिललाच सगळ्यांना उतरवलं. तिथल्या कडाक्याच्या थंडीत हिवाळा काढून, एप्रिल १८१४ मध्ये त्यांतले धडधाकट लोक बर्फावरून चालत यॉर्क फॅक्टरीकडे निघाले. हे वाचताना मला सासूबाईंचं वाक्य अर्धं खरं वाटू लागलं. हिंमत होतीच. पण निघण्याचा निर्णय त्यांच्या हातात फारसा नव्हता. कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते १८८६ मध्ये. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आल्यावर ज्या घरांत पेढे वाटले गेले, त्यांना हे अंतर समजावून सांगावं लागणार नाही.

इथे थांबले असते, तर लेकीला सांगायला छान गोष्ट होती : गरिबांवर अन्याय झाला, त्यांनी कष्टाने नवं गाव वसवलं. पण कंपनीने विकलेल्या मुलुखात क्री, सोतो आणि मेती लोक राहत होते. वसाहतीच्या गव्हर्नरने १८१४ मध्ये पेमिकन, म्हणजे गव्याच्या सुकवलेल्या मांसाचा साठा, बाहेर न्यायला बंदी केली. मेतींचं पोटच त्या धंद्यावर होतं. १९ जून १८१६ ला सेव्हन ओक्सला चकमक झाली. वसाहतीच्या बाजूची २१ माणसं मेली, त्यांत नवा गव्हर्नर सेम्पलही होता.

याच वसाहतकऱ्यांना उपासमारीच्या दिवसांत सोतोंचा प्रमुख पेग्विस याने सांभाळलं होतं. १८१७ मध्ये त्याने आणि आणखी चौघा प्रमुखांनी सेल्कर्कशी करार केला. नदीकाठची पट्टी वसाहतीला, आणि बदल्यात दर वर्षी दोन्ही जमातींना प्रत्येकी शंभर पौंड तंबाखू. त्याच वर्षी सेल्कर्कने वस्तीला किल्डोनन नाव दिलं. पेग्विसच्या वंशजांना १९०७ मध्ये सेंट पीटर्सची त्यांची राखीव जमीन सोडून उत्तरेला जावं लागलं. तो व्यवहार बेकायदा होता, हे पुढे सरकारनेच मान्य केलं.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग जरा चिडूनच म्हणाल्या, ‘म्हणजे आम्ही लुबाडलेले की लुबाडणारे, एक काय ते सांग.’ मला एक काही सांगता आलं नाही. ज्यांना खतावर नाव नाही म्हणून हाकललं, त्यांच्या हाती इथे आलेलं खत दुसऱ्या कोणाला हाकलण्याच्या कामी आलं. दोन्ही गोष्टी त्याच माणसांच्या आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना स्कॉटलंडला जाऊन किल्डोननचं खोरं पाहायचं आहे. मी म्हटलं, जाऊ या, पण त्याआधी पेग्विसला जाऊन येऊ. गाडीने साधारण १९० किलोमीटर. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत.