सोंवळ्यांतलें इंजिन

आमच्या घरीं माणसांपेक्षां वाहनांचा लौकिक मोठा. आजोबांच्या बैलांचीं नांवें मुलांना अजून पाठ आहेत. आणि २००४ सालीं घेतलेली डिझेलची जुनी पिकअप ज्या दिवशीं विकली त्या दिवशीं अण्णा जेवले नाहींत. पावसजवळच्या आमच्या आगरांतून आंब्याच्या पेट्या रत्नागिरीस पोंचविण्याचें काम तिनें सतरा वर्षें केलें. ती बिघडत नसे असें नाहीं. पण तिचें दुखणें घरगुती असे. वडाखालीं दुकान मांडून बसणारा मिस्त्री दोन पाने व एक हातोडी घेऊन येई, इंजिनाला कान लावी, आणि दीडदोन हजारांत तिला चालती करी.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. डिझेल इंजिनाविषयीं त्यांचें स्वतःचें एक शास्त्र होतें. पहिला सिद्धांत असा कीं, तें वाटेल तें पचवितें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, ही हकीकत ते प्रत्येक नव्या पाहुण्यास सांगत. दुसरा सिद्धांत, थोड्या थांब्यासाठीं इंजिन बंद करूं नये. बंद-चालू करण्यानेंच तें झिजतें. आणि तिसरा, गाडींतले दिवे कंपनीनें गिऱ्हाइकाला भिवविण्यासाठीं लावलेले असतात. जुन्या गाडीच्या बाबतींत हे तिन्ही सिद्धांत जवळजवळ खरे ठरले होते. सतरा वर्षांचा अनुभव कांहीं खोटा नसतो.

२०२१ मध्यें तिच्या जागीं नवी गाडी आली. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बी. एस. ६ चे नियम लागू झाले होते. डिझेलमध्यें पूर्वीं दहा लक्ष भागांत पन्नास भागांपर्यंत गंधक चाले, तें दहांवर आलें. आणि धूर गाळणारें एक भांडें गाडीच्या पोटाखालीं आलें. या दुसऱ्या गोष्टीची आम्हांस दाद नव्हती.

नव्या गाडीला काम जुनेंच होतें. कलमांपासून पेट्या भरण्याच्या खोपीपर्यंत दोन किलोमीटर जावयाचें, माल उतरेपर्यंत दुसऱ्या सिद्धांतानुसार इंजिन चालू ठेवून उभें राहावयाचें, आणि पुन्हां दोन किलोमीटर परत. आमचा ड्रायव्हर अकरा वर्षें आमच्याकडे होता. तो दोनतीनदां म्हणाला, "अण्णा, दिवा लागतोय. एकदां हायवेला लांब नेऊन आणूं काय?"

"डिझेल फुकट येतं का रे?" अण्णा म्हणाले. तिसरा सिद्धांत!

कधीं कधीं गाडी अंगणांत उभी असतांनाच इंजिन आपण होऊन चढ्या आवाजांत चाले व मागून करपल्यासारखा वास येई. ड्रायव्हर म्हणे, "राहूं दे जरा वेळ." अण्णा खिडकींतून हात घालून किल्ली फिरवीत. उभ्या गाडीनें डिझेल जाळावें, हें त्यांना पाहवत नसे.

आमच्या घरीं डिझेलची वही आहे. प्रारंभीं लिटरला तेरा किलोमीटर पडत. २०२३ च्या फाल्गुनांत हा आंकडा साडेनऊवर आला. एके संध्याकाळीं अण्णांनीं ती वही ओटीवर उघडली आणि सर्वांदेखत ड्रायव्हरला विचारलें, "मधलं डिझेल जातं कुठं?"

तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें. मी तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेला मनुष्य. त्या चढ्या आवाजाचा, त्या करपट वासाचा व त्या दिव्याचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, एवढी शंका तरी मला यावयास हवी होती. ती आली नाहीं असेंहि नाहीं. पण अण्णांच्या तोंडावर बोलण्याची आमच्या घरीं रीत नाहीं, आणि त्या रीतीच्या आड बसणें मला सोयीचें वाटलें. त्यानें किल्ली जोत्यावर ठेविली आणि तो गेला.

चैत्रांत गाडी माझा चुलतभाऊ चालवूं लागला. ऐन हंगामांत, ऐंशीं पेट्या भरलेल्या असतां, रत्नागिरीच्या वाटेवरील एका चढावर तिचा जोर एकाएकीं सरला. पायाखालचा पेडल पार दाबला तरी ती बैलाच्या चालीनें चाले. संगणकानें इंजिनाला वांचविण्यासाठीं त्याची शक्ति स्वतःच आंखडती घेतली होती, हें मागाहून कळलें. त्या रात्रींची मुंबईची ट्रक चुकली. भाड्याची गाडी मिळाली ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं. आणि आंब्याला थांब म्हणतां येत नाहीं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील पोरसवदा कारागिरानें स्टिअरिंगखालच्या खांचेला वायर जोडली आणि पडद्यावर पाहून मला एकेक गोष्ट समजावून दिली. मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतों. आतां जुन्या पंपाच्या ठिकाणीं एक सामायिक नळी असते. तींत डिझेल सोळाशें बार किंवा त्याहून अधिक दाबानें भरलेलें असतें. मोटारीच्या चाकांतील हवेच्या सातशें पट म्हणाना! इंजेक्टरांतील फटी केसाहून कितीतरी बारीक. डिझेलमधून पाणी गेलें कीं ते निकामी होतात, म्हणून फिल्टरखालचें सांचलेलें पाणी वेळच्या वेळीं काढावयाचें. आणि तें गाळणीचें भांडें, ज्यास हे लोक डी. पी. एफ. म्हणतात, त्यांत काजळी सांचली कीं गाडी आपण होऊन जादा डिझेल सोडते, भांडें सुमारें सहाशें अंशांपर्यंत तापतें व काजळी जळून जाते. यास पंधरावीस मिनिटें बऱ्या वेगाची एकसारखी धांव लागते. मध्येंच इंजिन बंद केलें कीं काम अर्धें राहतें, जादा सोडलेल्या डिझेलपैकीं कांहीं इंजिनाच्या तेलांत झिरपतें, आणि पुढच्या खेपेस सारें पुन्हां पहिल्यापासून.

"हे बघा," तो म्हणाला, "शेवटचीं एकोणीस जाळणीं सुरू झालीं. त्यांतलीं पुरीं झालीं तीन."

त्यानें तेल मोजण्याची पट्टी काढून माझ्या नाकाशीं धरली. तिला डिझेलचा वास येत होता, आणि तेल खुणेच्या बोटभर वर चढलें होतें. नवी गाडी तेल मुळींच खात नाहीं, याचें अण्णांना गेले दोन महिने कौतुक वाटत होतें.

वहींतलें डिझेल कोठें गेलें तें मला तेथें उभ्या उभ्या कळलें.

भांडें यंत्रावर तापवून साफ करणें, नवें तेल, फिल्टर, आणि गाडी ओढून आणल्याचें भाडें मिळून अठरा हजार चारशें रुपये झाले. भांडेंच बदलावें लागतें तर लाखाच्या घरांत गेलों असतों, असें तो म्हणाला. नव्या गाड्या ठिसूळ आहेत असें मला आतां वाटत नाहीं. त्या वर्षेंच्या वर्षें कुरकुर करीत नाहींत, पण रुसल्या म्हणजे एकदम हिशेब मागतात, आणि त्यांत घासाघीस चालत नाहीं. आमच्या मिस्त्रीचे कान येथें उपयोगाचे नाहींत, याचें मला वाईट वाटतें. बिचाऱ्यानें आपल्या परीनें तोड सुचविली होती: तें भांडें आंतून पोखरून टाकावयाचें आणि संगणकाला फसवावयाचें, वीस हजारांत कायमचा निकाल. अण्णा एक रात्र त्यावर विचार करीत होते. तें कायद्यास धरून नाहीं हें मीं सांगितलें. पण त्यांना अडविलें तें काकूनें. जुनी गाडी अंगणांत मागें घेतली कीं वाळत घातलेल्या फणसपोळीवर काळी पूड बसे, आणि दारांत खेळणारीं पोरें तोच धूर पीत. डिझेलच्या धुरानें मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. काकूनें तो फणसपोळीवरून कधींच दिलेला होता. मीं सारी कथा सांगितली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "म्हणजे सोंवळ्यांतलं आहे म्हणा. पाणी शिवायचं नाहीं, आणि मध्येंच उठवायचं नाहीं." मग थोड्या वेळानें, "आणि त्या पोराला आपण चोर म्हटलं."

"मी तसा शब्द उच्चारला नव्हता," अण्णा म्हणाले. कोणीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे त्याच्या घरीं गेलों. ऐंशींच्या घरांतले अण्णा काठी टेकीत त्याची पाणंद चढले. त्यानें खाट पुढें केली, पाणी दिलें. अण्णांनीं खिशांतून ती वही काढली, फाल्गुनाचें पान उघडलें, आणि त्यावर आपल्या हातानें मारलेली काट त्याला दाखविली. "चूक माझी," ते म्हणाले. मींहि माझी कबुली दिली. माझी त्यांच्याहून मोठी होती, कारण मला शंका आली होती. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. दुसरीकडे धरलेली नोकरी तो हंगामाच्या मध्यांत सोडणार नव्हता, आणि तें योग्यच होतें. ज्येष्ठांत येईन म्हणाला. अट एकच, चालत्या गाडीच्या किल्लीला दुसऱ्या कोणीं हात लावावयाचा नाहीं.

तो आला. आतां दर रविवारीं सकाळीं गाडी रिकामी निघते आणि हातखंब्यावरून पालीच्या बाजूस हायवेनें एक फेरी मारून येते. अण्णा शेजारीं घड्याळ घेऊन बसतात. मागच्या रविवारीं मीहि बरोबर होतों. परततांना चहाच्या टपरीशीं त्यानें गाडी बाजूस घेतली, आणि मीं संवयीनें म्हटलें, "बंद कर आतां."

"थांब रे," अण्णा मला म्हणाले, "अजून जळतंय तें." आणि त्यांनीं चहा गाडींतच मागविला.