सेल्फ

मोटारगाडीच्या स्टार्टर मोटरला मराठीत स्टार्टर मोटर असे कोणी म्हणत नाही. गॅरेजमधला पोऱ्या, ट्रकवरचा क्लीनर, घरची गाडी चालवणारी गृहिणी, सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो: सेल्फ. 'सेल्फ मारून बघ', 'सेल्फ घेत नाही', 'सेल्फ गेला'. मूळ इंग्रजी शब्द सेल्फ-स्टार्टर असा होता. आपल्याकडे त्याचा उत्तरार्ध गळून पडला आणि नुसता सेल्फ उरला.

ज्यांनी जुनी अॅम्बेसेडर किंवा जीप पाहिली आहे, त्यांना पुढच्या बंपरमधील भोकात घालून फिरवायचे लोखंडी हँडल आठवत असेल. ते फिरवण्याची एक रीत होती. अंगठा बोटांच्या समोर न धरता बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मुठीतून सुटावे, मनगट मोडू नये. या झटक्यांनी जगभर असंख्य हात मोडले. अमेरिकेत तर अशा दुखापतीनंतर 1908 मध्ये एका मोटार-कारखानदाराचा मृत्यू झाला आणि त्यामुळे कॅडिलॅक कंपनीच्या चालकांनी विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी हकीकत सांगितली जाते.

हा स्टार्टर बनवणारे चार्ल्स केटरिंग हे पूर्वी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीस होते, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांना विशेष वाटावी. दुकानातील गल्ल्याचे यंत्र त्या काळी हाताने दांडा ओढून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. गल्ल्याचा खण क्षणभरात उघडायचा असतो. म्हणून मोटर लहान असली तरी चालते, फक्त त्या एका क्षणापुरता तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकता आला पाहिजे. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असे जाणकार म्हणत असताना केटरिंग यांनी हाच गल्ल्याचा हिशोब मोटारीला लावला. 1911 मध्ये यंत्र सिद्ध झाले आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत ते आले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला मात्र त्यासाठी 1919 पर्यंत थांबावे लागले. आजही प्रत्येक सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो. काही क्षण तो शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक वीज ओढतो आणि मग स्वस्थ बसतो. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरून ठेवू नये, हा नियम त्यातूनच आला आहे. पुष्कळ लोक तो पाळत नाहीत आणि मग सेल्फला दोष देतात.

सांगलीतील हळदीच्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरी बारा वर्षांची एक लहान पेट्रोल गाडी होती. घरात आणि पेठेत सर्वजण त्यांना अण्णा म्हणत. वय एकसष्ट. त्यांच्या पत्नीचे, आक्कांचे, दोन्ही मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले होते आणि दर सोमवारी व गुरुवारी पहाटे त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. अंतर फार नाही, दहा-अकरा किलोमीटर. जाताना रिक्षाही चालली असती. प्रश्न परतीचा होता. चार तासांनंतर आक्कांचा रक्तदाब उतरलेला असे, मान धरवत नसे. गाडीची पुढची सीट मागे पाडून त्यांना आडवे करून आणावे लागे. म्हणून या घरात गाडी ही चैनीच्या वस्तूंत मोडत नव्हती.

एका सोमवारी पहाटे किल्ली फिरवताच 'टक' असा एकच आवाज झाला आणि पुढे काहीच घडले नाही. त्या दिवशी रिक्षाने नेले-आणले. येताना प्रत्येक खड्ड्याला आक्कांचे डोके सुनेच्या खांद्यावर आपटत होते. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुवारी नको जाऊया." हे वाक्य अण्णांना गाडीच्या बिघाडापेक्षा अधिक लागले.

पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने बॅटरी गेल्याचे सांगून नवी बॅटरी बसवली. गाडी दोनदा सुरू झाली, तिसऱ्यांदा पुन्हा 'टक'. मग त्याने सेल्फच बदलावा लागेल म्हणून साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला आणि शुक्रवारचा वायदा दिला. पुण्याच्या मुलाने फोनवरून नवी गाडी घेण्याचा सल्ला दिला. "आणि अण्णा, तुम्ही गाडीखाली झोपणार? पेढीवर बसणाऱ्यानं?" असेही तो म्हणाला. हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. वस्तुतः हळदीच्या राशीत कोपरापर्यंत हात घालून तळचे हळकुंड काढल्याशिवाय ज्याने कधी भाव बोलला नाही, त्याला तेलाने हात माखण्याचे वावडे का असावे? माल स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नये हे व्यापारी शिकवतो आणि यंत्राच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या शब्दावर पैसे मोजतो.

घरात सूनबाई कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणला. "अण्णा, आधी बॅटरी खरंच गेली होती का ते तरी बघूया."

पुढचे सारे एखाद्या हिशोबाच्या तपासणीसारखे झाले. गाडी स्थिर असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवून धरली तेव्हा आकडा 12.3 वर आला आणि तिथेच राहिला. अण्णांना हे चांगले लक्षण वाटले, सूनबाईंना नाही. सेल्फ खरोखर फिरू लागला की तो इतकी वीज ओढतो की निरोगी बॅटरीदेखील दहा-अकरा व्होल्टपर्यंत खाली येते. बॅटरी मेलेली असती तर आकडा नऊच्याही खाली कोसळला असता, दिवे मंदावले असते आणि 'टकटकटक' असा सलग आवाज आला असता. इथे आकडा जवळजवळ हललाच नव्हता. खात्यात शिल्लक पुरेशी होती. उचल करणारा येतच नव्हता.

मग बॅटरीची टोके आणि इंजिनाला जोडलेली अर्थची पट्टी तपासली. दोन्ही स्वच्छ निघाली. पुष्कळ वेळा साऱ्या दुखण्याचे मूळ तिथल्या पांढऱ्या बुरशीत असते आणि नाहक सेल्फ बदलला जातो, म्हणून ही पायरी गाळू नये. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, मीटरच्या तारा सेल्फच्या टोकांना चिमट्यांनी आधीच लावल्या आणि बाजूला होऊन किल्ली फिरवायला सांगितले. सोलेनॉइडच्या अलीकडे वीज होती, पलीकडे मोटरमध्ये शिरणाऱ्या टोकावरही होती, तरी मोटर स्तब्ध. अण्णांनी लाकडी दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकेच दोनचार वेळा ठोकले. पुढच्याच किल्लीला गाडी सुरू झाली! आतले कार्बन झिजून आखूड झाले की ते फिरत्या भागाला टेकत नाहीत. ठोकल्याने क्षणभर टेकतात. हा उपाय नव्हे, निदान आहे. असा सेल्फ पूर्ण बंद पडलेल्या सेल्फपेक्षा वाईट, कारण तो दवाखान्याच्या दारात दगा देऊ शकतो.

बुधवारी दुपारी काम सुरू झाले. सर्वांत आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून कापडात गुंडाळून ठेवले. याचे कारण प्रत्येकाने समजून घ्यावे. बॅटरीपासून सेल्फपर्यंत येणारी जाड तार बहुतेक गाड्यांत कुठल्याही बटणातून येत नाही. गाडी बंद असतानाही तिच्यात वीज असते. तिथे पाना लावला आणि त्याचे दुसरे टोक इंजिनाला टेकले, तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, पाना लाल होतो, हात भाजतो. निगेटिव्ह टोक सोडताना सर्वांत आधी आणि जोडताना सर्वांत शेवटी, हा क्रम मोडायचा नाही.

दुसरी काळजी उंचीची. मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढचा भाग उचलला आणि पंक्चरवाल्याकडून मागून आणलेले लोखंडी स्टँड खाली दिले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाईत, डोके घालू नये. विटाही लावू नयेत. वीट सूचना न देता फुटते.

त्यांच्या गाडीत सेल्फ पुढच्या बाजूस, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे होता. सूनबाईंनी तारांचे मोबाइलवर फोटो घेतले. जाड तारेची नट, बारीक तारेची क्लिप आणि दोन बोल्ट, काढायचे एवढेच होते. पण वरचा बोल्ट बारा वर्षांत कोणी हलवलेला नव्हता. त्याच्यावर गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास चहाला दिला, तरी तो हलेना. अण्णांचा हात दोनदा सरकून बोटाचे साल निघाले. तेव्हा ओसरीवरून हे पाहत असलेल्या आक्का म्हणाल्या, "अहो, जोर नका लावू, जरा आवळून बघा आधी." बरणीचे झाकण असेच निघते, हा त्यांचा अनुभव. बोल्ट किंचित आवळला, तेव्हा गंजाची पकड करकरत सुटली आणि मग तो उलटाही फिरला. शेवटचा बोल्ट निघण्यापूर्वी सेल्फला खालून हाताचा आधार दिला, कारण तीन-चार किलोचे ते लोखंड सरळ तोंडावर येते. दोन बोल्टांपैकी एक लांब, एक आखूड होता. ते ज्या जागेचे त्या जागी जावेत म्हणून सूनबाईंनी पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचून ठेवले.

जुना सेल्फ घेऊन अण्णा स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुरुस्त करून हमी दिलेला सेल्फ साडेतीन हजारांत मिळत होता. दुकानदाराने काढून दिलेला नग हुबेहूब दिसत होता, भोकेही जुळली. अण्णांनी दोन्ही नग शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजले. जुन्याला आठ, नव्याला नऊ. तो तसाच बसवला असता तर पिनियन आणि इंजिनाच्या चकतीचे दात एकमेकांना खात राहिले असते, आणि ती चकती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुकानदाराने काही न बोलता दुसरा नग काढला. तो शिकंज्यात धरून बॅटरीवर फिरवून दाखवायला लावला आणि सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घेतली, तेव्हाच अण्णांनी पैसे काढले.

बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. सेल्फ जिथे टेकतो ती जागा काचकागदाने घासून चकचकीत केली, कारण विजेचा परतीचा मार्ग त्या धातूतूनच जातो. आणि जाड तारेची नट बेताने आवळली. तिथला तांब्याचा स्टड मऊ असतो, जास्त जोराने तो आतून फिरतो आणि नवा नग वाया जातो. निगेटिव्ह टोक जोडून, हत्यारे मोजून, गाडी खाली उतरवून सूनबाईंनी किल्ली फिरवली. इंजिनाने अर्धा सेकंदही घेतला नाही. त्या रात्री गाडी आणखी सातआठ वेळा सुरू-बंद करून पाहिली गेली, शेजाऱ्यांनी तक्रार करेपर्यंत. गाडीतले घड्याळ मात्र बारावर आले होते. ते लावायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

गुरुवारी पहाटे पाचला आक्का तयार होऊन बसल्या होत्या. नको जाऊया, असे पुन्हा म्हणाल्या नाहीत.

अण्णा रोजकीर्द अजून हाताने लिहितात. साडेतीन हजार सेल्फचे आणि किरकोळ तेल-काचकागदाचे मिळून जे झाले, ते त्यांनी वाहन खर्चात न धरता औषधोपचाराच्या खात्यावर नावे टाकले. वर्षअखेरीस हिशोब पाहणाऱ्याने ही नोंद चुकीच्या खात्यावर असल्याची खूण केली. अण्णांनी ती बदलली नाही.

जुन्या नगाचे सहाशे रुपये द्यायला दुकानदार तयार होता. अण्णांनी तो दिला नाही. रविवारी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून तो उघडला, तेव्हा चारपैकी दोन कार्बन नखाएवढे उरले होते आणि आत काळी भुकटी साचली होती. बाकी आर्मेचर, बुश, सोलेनॉइड, सारे धड होते. ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून नवे कार्बन टाकून घेतले आणि तो सेल्फ गोणपाटात बांधून, तारखेची चिठ्ठी लावून, हळदीच्या पोत्यांवरच्या माळ्यावर ठेवला.