हे तर अस्सल वक्तृत्व!

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ वाचून संपवलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून मी त्याबद्दल सांगत सुटले आहे. स्त्रीवादी लेखन म्हणून त्याचं नाव ऐकून होते. पण वक्तृत्वाचा नमुना म्हणून हे पुस्तक आजवर कुणी माझ्या हातात का दिलं नाही?

मी वक्तृत्वशास्त्र शिकते. ऐकणाऱ्याचं मन वळवायचे ॲरिस्टॉटलने सांगितलेले तीन मार्ग, बोलणाऱ्याचा भरवसा, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, मला पाठ होते. तिन्ही एका दमात धावताना पाहिले ते मात्र बुलढाण्याच्या या बाईच्या गद्यात!

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी सरसकट बायकांवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. ताराबाईंनी १८८२ साली पुण्यात पुस्तक छापून उत्तर दिलं, आणि काय उत्तर! जुन्या श्लोकांनी बायकांच्या माथी मारलेले दोष एकेक करून उचलायचे, पुरुषांपुढे धरायचे आणि विचारायचं, हा तुमच्यात नाही का? आरोप त्यांचेच, शब्दही त्यांचेच, फक्त आरोपी बदलला.

एक जागा तर मी पुन्हापुन्हा वाचते. नवरा मेला की बाईचं केशवपन होतं, तिने तोंड लपवून जगायचं. मग बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा काढून रानात का जात नाही, असं त्या विचारतात. वाचणाऱ्याला आधी हसू येतं, कारण मिशी उतरवलेला तो विधुर डोळ्यांसमोर उभा राहतो. मग हसू घशातच अडकतं, कारण शेजारच्या घरात तेच सोसणारी बाई कुणालाच हसण्यासारखी वाटलेली नसते. रूढी चुकीची आहे हे त्यांना वेगळं सांगावंच लागत नाही. नुसती जागांची अदलाबदल, आणि युक्तिवाद पूर्ण!

आणि भाषा! समोर बसवून घेतल्यासारखं थेट ‘तुम्ही’, प्रश्नावर प्रश्न, टोमणे, मध्येच थेट देवाला जाब. माजघरात आणि पाणवठ्यावर बायका बोलतात ती ही भाषा. जिला पुरुषांनी कायम ‘कटकट’ म्हणून बाजूला सारलं, तीच ताराबाईंनी छापखान्यात नेली. शाळेत अलंकार शिकवताना आम्हाला कमळासारखं मुख आणि हरिणीसारखे डोळेच दाखवले. बाई नेहमी वर्णनाचा विषय, बोलणारी कधीच नाही. इथे बाई बोलते आहे, आणि तिच्या बोलण्यात उपरोध आहे, प्रतिपक्षाचं खंडन आहे, सगळं शास्त्र आहे!

आता मला ते सगळीकडे ऐकू येतं. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले, “बायकांनी जरा शांत बसावं.” मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, “शांत बसलो म्हणूनच टाकी इतकी वर्षं गळतेय.” मी वहीत लिहूनच घेतलं. त्यांचाच शब्द उचलला आणि त्यांच्याच पदरात घातला, अगदी ताराबाईंची रीत! काकूंनी ताराबाई वाचलेल्या नाहीत. वाचायची गरजही नव्हती, कारण ही विद्या घरोघरी आहे. फक्त तिला विद्या म्हणायचं राहून गेलं.

आणि ताराबाईंच्याही आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं ही शाळकरी मातंग मुलगी देवालाच विचारते. प्रतिपक्षाचं म्हणणं मान्य करायचं आणि त्यातूनच त्याला कोंडीत पकडायचं, हे तिला कुणी शिकवलं असेल?

ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणून आज आपल्या हाती आहे. वक्तृत्व शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ते पहिल्या आठवड्यात वाचायला हवं, हे माझं ठाम मत आहे. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. मिळवा आणि मोठ्याने वाचा, शक्यतो घरातली सगळी माणसं समोर असताना.